‘नेव्हर लेट मी गो’ : दुसऱ्या वाचनानंतर

पाचशेला एक रुपया कमी मोजून घेतलेल्या पेपरबॅकची पानं दुसऱ्याच वाचनात सुटली, तीही नेमकी बाविसाव्या प्रकरणाची. विक्रेता म्हणे, वापरलेलं पुस्तक परत घेत नाही. मग पुस्तकाचं करायचं काय, पूजा? एक तारा तिथेच कापला.

इशिगुरोंची ही २००५ची कादंबरी. हेलशम ही निवासी शाळा; तिथली मुलं क्लोन, म्हणजे माणसांच्या हुबेहूब नकला, मोठेपणी अवयव देण्यासाठीच वाढवलेली. एकेक ‘दान’ करत सहसा चौथ्यापर्यंत ती संपतात.

पहिल्या खेपेला भयंकर वैतागलो. गोष्ट सांगणारी कॅथी, त्यांच्यातलीच एक, गाडी घेऊन एकटी इंग्लंडभर हिंडते. कुंपण नाही, पहारा नाही. मग बाई पळत का नाही? ही मुलं कुणाच्या नकला? चौथ्या दानानंतर शुद्ध उरते का? सगळं अधांतरी.

या खेपेला डोक्यात बसलं ते डेफरल, म्हणजे मुदतवाढ. खरं प्रेम सिद्ध केलं की दानं काही वर्षं पुढे ढकलतात, ही वावडी. मैत्रीण रूथ कुणाला भेटायचं तो पत्ता मिळवून देते, कॅथीचा प्रियकर टॉमी आपली प्राण्यांची चित्रं घेऊन तिच्याबरोबर लिटलहॅम्प्टनला जातो, आणि तिथे शाळेची जुनी मुख्याध्यापिका मिस एमिली सांगते, असं काही नव्हतंच कधी. पण वावडी उठते हे तिला ठाऊक होतं! आधी खोडून काढायची, ती पुन्हा कुठेतरी उगवायची. शेवटी नाद सोडला. असू दे, बिचाऱ्यांना तेवढंच स्वप्न.

इथे माझं डोकं फिरलं. शाळेत साधी जुनी कॅसेट घ्यायची तर पोरांनी टोकन मोजायचे, टोकनसाठी चित्रं-कविता द्यायच्या. आशा तेवढी फुकट, कारण तिच्यापायी बाईंच्या खिशातून दमडी जात नाही. आणि त्या भेटीत बाईंचं अर्धं लक्ष कुठे? विकायला काढलेल्या पलंगाशेजारच्या कपाटावर! माणसं नीट नेतील ना?

पळून न जाण्याचा प्रश्न त्यानंतर मला पडला नाही. वर कुणाला भेटलं की काम होतं असं कळलं, की माणूस पळत नाही, कागदपत्रं जमवतो. २०१०च्या चित्रपटात मनगटांना स्कॅन करायचे पट्टे बांधलेत; काही गरज नव्हती.

तक्रार एकच उरली. पोरांना त्यांचं पुढचं स्पष्ट सांगू पाहणाऱ्या शिक्षिका मिस लूसीला शाळेतून जावं लागतं आणि मग पुस्तकातूनही ती जवळजवळ गायब होते. तिचं पुढे काय झालं, हे मला कपाटापेक्षा जास्त हवं होतं.