'जॅग' की 'द कोड'? लष्करी कोर्टाची मालिका निवडताना

माझी मावसबहीण लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा संपल्या संपल्या तिने विचारलं, "ताई, कोर्ट मार्शलवरची एखादी मालिका पाहायची आहे. 'जॅग' लावू की 'द कोड'?" दोन्ही अमेरिकन, दोन्ही सीबीएस वाहिनीवर चाललेल्या, दोन्हींत गणवेशातले वकील. फरक आकड्यातच डोळ्यांत भरतो. 'जॅग'ची १० पर्वं आणि २२७ भाग, म्हणजे साधारण १६० तास. 'द कोड'चे फक्त १२ भाग, एका शनिवार-रविवारात संपतील असे. फोनवर मी तिला "जॅग बघ" एवढंच सांगितलं. पण का, हे नीट सांगायला हवं होतं, कारण काही जणांसाठी उत्तर उलटंही असू शकतं.

'जॅग' म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल, लष्कराची कायदा शाखा. मालिका अमेरिकी नौदलाच्या या शाखेभोवती फिरते. डोनाल्ड बेलिसारियो यांनी ती निर्माण केली. ते स्वतः तरुणपणी मरीन कोअर या अमेरिकी लष्करी दलात होते आणि ते मालिकेत जाणवतं. सलामी कशी ठोकायची, वरिष्ठासमोर किती ताठ उभं राहायचं, वाद टोकाला गेला तरी 'सर' कसं सुटत नाही, या गोष्टी तिथे शोभेसाठी नसतात. सप्टेंबर १९९५ मध्ये एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली आणि एका पर्वातच तिथून काढली गेली. जानेवारी १९९७ मध्ये सीबीएसने तिला पुन्हा उभं केलं आणि एप्रिल २००५ पर्यंत चालवलं.

'द कोड' एप्रिल २०१९ मध्ये आली आणि त्याच जुलैमध्ये संपली. क्रेग स्वीनी आणि क्रेग टर्क यांची ही मालिका व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावरच्या मरीन वकिलांची आहे. तिच्यात विमानं नाहीत, पाणबुड्या नाहीत, शत्रूच्या प्रदेशातून सुटका नाही. एका मरीनने अफगाणिस्तानात आपल्याच वरिष्ठाला मारलं, इथून ती सुरू होते. सरकारी बाजू कॅप्टन एब्राहम लढवतो, बचाव कॅप्टन माया डॉबिन्स करते आणि दोघं एकाच ऑफिसात काम करतात. निव्वळ लष्करी कायद्यातला पेच पाहायचा असेल, तर ही सुरुवात 'जॅग'च्या कुठल्याही सुरुवातीपेक्षा सरस आहे.

'जॅग'चा नायक हार्मन रॅब, म्हणजे हार्म, आधी लढाऊ विमानाचा वैमानिक होता. रात्री विमानवाहू नौकेवर उतरताना अपघात झाला, रात्रीची नजर अधू असल्याचं निघालं, उड्डाण सुटलं आणि तो वकील झाला. वडीलही वैमानिक होते, १९६९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी व्हिएतनामवर बेपत्ता झालेले. त्यांचा शोध हा मालिकेच्या पहिल्या काही वर्षांचा खोल प्रवाह आहे. डेव्हिड जेम्स एलियट हा कॅनडात जन्मलेला नट ही भूमिका असा करतो की कोर्टात उभा राहिल्यावरही त्याचं एक मन आकाशात आहे असं वाटत राहतं. कायद्याच्या विद्यार्थ्याला काही गोष्टी खटकतील. वकीलच गुन्ह्याचा तपास करतो, मध्येच विमान उडवतो. एका खटल्यात तर हार्म भर कोर्टात स्वयंचलित बंदुकीच्या गोळ्या छताकडे झाडतो. प्रत्यक्षात तपासाची यंत्रणा वेगळी असते आणि वकील कागदांत बुडालेला असतो. काटेकोर कायदा हवा असेल, तर इथे 'द कोड'ला गुण द्यावे लागतात.

तरीही मी 'जॅग'च्या बाजूने आहे आणि त्याचं पहिलं कारण सारा मॅकेन्झी, म्हणजे मॅक. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात ती मरीन मेजर म्हणून येते. ही भूमिका करणारी कॅथरिन बेल त्याआधीही याच मालिकेत दिसली होती. पहिल्या पर्वाच्या शेवटी हार्मच्या ज्या मैत्रिणीचा खून होतो, ती डायन शॉन्की तिनेच साकारली होती. चेहरा तोच ठेवून दुसरं माणूस उभं करणं अवघड असतं. लेखकांनी हे साम्य लपवलं नाही, हार्मला ते छळू दिलं. मॅक मात्र डायनची सावली राहत नाही. दारूच्या व्यसनातून बाहेर आलेली, फारसी बोलणारी, घड्याळाकडे न पाहता अचूक वेळ सांगणारी ही बाई. कॅथरिन बेलची आई इराणी, त्यामुळे तिच्या तोंडी फारसी उसनी वाटत नाही. हार्म आणि मॅक कधी एकाच बाजूने उभे राहतात, तर कधी समोरासमोर. सकाळी एकमेकांच्या साक्षीदाराची उलटतपासणी आणि संध्याकाळी एकाच टेबलावर बसून खाणं, हे नातं नऊ वर्षं ताणलेलं आहे. ज्यांना नायक-नायिकेचं लवकर मार्गी लागावं असं वाटतं, त्यांनी आधीच तयारी ठेवावी. इथे फार थांबावं लागतं.

दुसरं कारण बड रॉबर्ट्स. माझ्या मते मालिकेचा कणा तोच आहे. पॅट्रिक लाब्योर्टो या नटाने तो केला आहे. सुरुवातीच्या भागात बड जहाजावरचा जनसंपर्काचं काम पाहणारा नवखा, गोंधळलेला अधिकारी असतो. हुद्द्याने मोठ्या माणसासमोर त्याचे शब्द अडकतात. पुढे तो कायदा शिकतो, वकील होतो, हॅरिएट सिम्सशी लग्न करतो, मुलाला अ‍ॅडमिरलचं नाव देतो. सातव्या पर्वाच्या शेवटी अफगाणिस्तानात एका मुलाला वाचवताना त्याचा पाय सुरुंगावर पडतो आणि तो पाय गमावतो. (हे आधी कळल्याने काही बिघडत नाही. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे.) कृत्रिम पायाने सेवेत राहण्यासाठी त्याने केलेली धडपड मी दोनदा पाहिली आहे. सुरुवातीचा तो अडखळणारा बड आठवत असतो, म्हणून ती एवढी लागते. हे बारा भागांत घडवून आणणं कोणालाच शक्य नाही.

या सगळ्यांवर छत्र धरणारे अ‍ॅडमिरल ए. जे. चेग्विडन, म्हणजे जॉन एम. जॅक्सन. पूर्वी नौदलाच्या सील या कमांडो दलात असलेला, टक्कल पडलेला, रागीट, पण आपल्या माणसांसाठी उभा राहणारा साहेब. नवव्या पर्वाअखेर ते निवृत्त होतात आणि दहाव्यात जनरल क्रेसवेल येतात. क्रेसवेल झालेला डेव्हिड अँड्र्यूज काम चोख करतो, पण ते ऑफिस पूर्वीसारखं राहत नाही.

'द कोड'मधले कलाकार कमी पडतात असं मुळीच नाही. कर्नल टर्नबुल झालेली डेना डेलनी व्हिएतनाम युद्धातल्या परिचारिकेच्या भूमिकेसाठी दोन एमी पुरस्कार मिळवलेली नटी आहे आणि आवाज न चढवता हुकूम कसा द्यावा हे तिच्याकडून शिकावं. मेजर फेरी झालेला आटो एसांडो आणि लेफ्टनंट हार्पर ली झालेली फिलिपा सू, दोघंही कसलेले. एब्राहम झालेला ल्यूक मिचेल आणि डॉबिन्स झालेली अ‍ॅना वूड यांची जोडी मात्र अजून एकमेकांना चाचपत असतानाच मालिका थांबली. एब्राहम पुढे कोणाच्या बाजूने झुकला असता, हार्पर पहिला मोठा पराभव कसा पचवते, हे प्रश्न तसेच लोंबकळत राहतात. एवढे चांगले नट हाताशी असताना ते घडू दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कायद्याच्या अंगाने पाहणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी मनात ठेवाव्यात. अमेरिकी कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरवायला सहसा एकमत लागत नाही. 'जॅग'च्या काळात दोनतृतीयांश मतं पुरत. २०१९ पासून तीनचतुर्थांश लागतात. तिथे दोन्ही बाजूंना जॅगचेच अधिकारी उभे राहतात आणि वर लष्करी न्यायाधीश असतो. आपल्याकडे १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टनुसार जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात. जज अ‍ॅडव्होकेट त्यांना कायद्याचा सल्ला देतो, मत देत नाही. नाव एक, काम वेगळं. आणि लष्करातल्या माणसाचा खटला कोणी चालवायचा, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १९५९ मध्ये नौदलातले कमांडर नानावटी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडून आधी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे (नौदलाच्या पोलिसांच्या प्रमुखाकडे) गेले, मग पोलिसांच्या स्वाधीन झाले. खटला मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीसमोर चालला. 'जॅग'मध्ये नागरी पोलीस आणि नौदल यांच्यात आरोपीवरून ओढाताण होते, तेव्हा मला हटकून ते प्रकरण आठवतं.

'एनसीआयएस'चं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती 'जॅग'मधूनच निघाली, आठव्या पर्वातल्या दोन भागांतून, २००३ मध्ये. मार्क हार्मन आणि डेव्हिड मॅकॅलम यांच्यासाठी ती जरूर पाहा. पण ती तपासाची मालिका आहे, कोर्टाची नाही. उलटतपासणीची भूक तिने भागणार नाही.

तर निवड. वेळ नसेल, सत्याला जवळचा लष्करी खटला पाहायचा असेल आणि अर्धवट शेवट सोसत असेल, तर 'द कोड'. रोज रात्री जेवणानंतर एक भाग असं महिनोन् महिने कोणाच्या तरी सोबत राहायला आवडत असेल, तर 'जॅग'. पण 'जॅग' पहिल्या पर्वापासून लावू नका. तिथे कोर्टापेक्षा पळापळ जास्त आहे, हार्मची सहकारी मेग ऑस्टिन (ट्रेसी नीडम) गुणी असूनही तिला करायला फार थोडं आहे, आणि पॅरामाउंटच्या जुन्या चित्रपटांतली विमानांची दृश्यं वारंवार भेटतात. पहिल्या पर्वातला डायनचा भाग तेवढा पाहून घ्या आणि थेट दुसऱ्या पर्वावर या. ते पंधराच भागांचं आहे. तेवढ्यात मॅक आणि बड मनात बसले नाहीत, तर मालिका खुशाल सोडा.

माझी बहीण आता चौथ्या पर्वात आहे. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: "ताई, या बडचं काही वाईट होत नाही ना?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.