पाडसे वाचवायची तर: कायोटी पकडावेत की हरिणींची शिकार कमी करावी?

अमेरिकेच्या आग्नेय भागात हरणांसाठी राखलेली जमीन ज्यांच्याकडे आहे, त्यांना पाडसे कमी दिसू लागली की पहिला संशय कायोटीवर, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका अमेरिकी शिकारी प्राण्यावर, जातो, आणि तो बहुतेक वेळा निराधार नसतो. प्रश्न आहे तो उपायाचा. कायोटी सापळे लावून कमी करावेत, की शिकारीच्या हंगामात मारल्या जाणाऱ्या हरिणींची संख्या घटवावी?

निर्णयाआधी कायोटी शिकार कशी शिकतो ते पाहणे उपयोगाचे आहे. कोल्ह्याच्या या अमेरिकी नातलगाची पिल्ले साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत जन्मतात, तिसऱ्या आठवड्यात बिळाबाहेर येतात आणि दोन-अडीच महिन्यांची झाली की आईबापांच्या मागे फिरू लागतात. उंदरावर झेप घेणे ती भावंडांशी खेळता खेळता आणि चुकत चुकत शिकतात. मोठे सावज मात्र अनुभवी जोडीचे काम असते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात हरणांवर आणि एल्कवर (मोठ्या आकाराच्या हरणांवर) झालेल्या हल्ल्यांत मुख्य भार कळपातील प्रमुख जोडीने, त्यातही नराने उचललेला दिसला, आणि तरुण कायोटी क्वचितच पुढे आले. नवजात पाडसाला मारायला मात्र एवढे कसब लागत नाही. पहिले काही आठवडे ते गवतात निश्चल पडून असते, त्यामुळे वास आणि चिकाटी पुरते. शिवाय पाडसे जन्मतात त्याच सुमारास बिळातील पिल्लांची भूकही वाढलेली असते. कोलोरॅडोत ज्या कायोटींची नसबंदी केली होती, त्यांच्या हद्दीत प्रॉन्गहॉर्नची (हरणासारख्या एका अमेरिकी प्राण्याची) पाडसे अधिक संख्येने जगली, यावरून या भुकेचे महत्त्व कळते. म्हणून 'एखादा सराईत कायोटी मारला की प्रश्न सुटेल' ही अपेक्षा मला चुकीची वाटते.

सापळ्यांच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा दक्षिण कॅरोलिनातील सव्हाना रिव्हर साइट या सरकारी अणुप्रकल्पाच्या विस्तीर्ण परिसरातील आहे. तेथे कायोटी हटवण्यापूर्वी पाडसे जगण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्के होते. 2010 ते 2012 या काळात दरवर्षी पाडसांच्या जन्माआधी सापळे लावून एकूण 474 कायोटी हटवल्यावर हे प्रमाण पहिल्या वर्षी सुमारे 51, दुसऱ्या वर्षी 20 आणि तिसऱ्या वर्षी 43 टक्के निघाले. एवढ्या मेहनतीनंतरही मधले वर्ष जवळजवळ वाया गेले. शिवाय रिकाम्या झालेल्या जागी बाहेरचे कायोटी पुन्हा येत राहतात. हा खर्च एकदा करून भागत नाही, आणि जमीन लहान असेल तर कुंपणापलीकडील कायोटींवर आपला काहीच ताबा नसतो.

हरिणींची शिकार कमी करण्याला जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत, परिणामाचा अंदाजही अधिक भरवशाने बांधता येतो, आणि वाचलेली प्रत्येक प्रौढ हरिणी पुढच्या वर्षीही पाडसे देते. याची किंमत मोजतात ते शिकारी सोबती, कारण त्यांच्या वाट्याचे मांस कमी होते. झुडपांचे आच्छादन वाढवणे अन्नासाठी चांगलेच, पण केवळ त्यामुळे कायोटीपासून पाडसे वाचतात, असे खात्रीने म्हणता येत नाही. या बाबतीतील निष्कर्ष एकसारखे नाहीत.

माझा कौल आधी हरिणींच्या शिकारीला आवर घालण्याकडे आहे. सापळे जेथे जमीन विस्तीर्ण आहे, शेजारी साथ देणार आहेत आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून पाडसांच्या जन्मापर्यंत दरवर्षी काम करण्याची तयारी आहे, तेथेच लावावेत. मात्र खालच्या फांद्यांचा पाला हरणांनी साफ खाल्लेला दिसत असेल, तर हरणेच जास्त झाली आहेत. अशा जमिनीवर कायोटीला हात न लावणे आणि हरिणींची शिकार चालू ठेवणे योग्य. यांपैकी काहीही ठरवण्याआधी हंगामापूर्वी कॅमेरे लावून दर हरिणीमागे किती पाडसे दिसतात याची नोंद ठेवावी, आणि ती सलग दोन-तीन वर्षांची असावी, कारण सव्हानातील आकडे सांगतात तसे एका वर्षाचे चित्र सहज फसवते.