काय-स्क्वेअर की कॉन्फिडन्स इंटरव्हल? प्रोजेक्टला काय घ्यावं

सांगली-साताऱ्याकडच्या सर्व्हेंचं घोडं बहुधा एकाच प्रश्नावर अडतं: दोन गटांत फरक आहे का? समजा, पलूस तालुक्यातल्या 100 ऊस उत्पादकांपैकी 60 जण ठिबकवर आहेत आणि कडेगावच्या 100 पैकी 45.

काय-स्क्वेअर, म्हणजे ‘फरक नाही’ असं धरून अपेक्षित असलेल्या संख्यांपासून प्रत्यक्ष मोजणी किती दूर आहे हे सांगणारा आकडा, येतो 4.51. एका डिग्री ऑफ फ्रीडमला (तक्त्यातल्या मोकळेपणी बदलू शकणाऱ्या चौकटींची संख्या), 5 टक्के पातळीवर, टेबलातली किंमत 3.84; आपला आकडा तिच्या वर, म्हणजे फरक लक्षणीय, नुसत्या योगायोगाने येणं अवघड. (आर सॉफ्टवेअरमध्ये 3.93 दिसलं तर गोंधळू नका, दोन बाय दोनच्या तक्त्याला ते येट्सची दुरुस्ती, म्हणजे आकडा थोडा कमी करणारी सुधारणा, आपणहून लावतं.) फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या हद्दीत असेल ती, 15 अधिक-उणे 13.7, म्हणजे 1.3 ते 28.7. शून्य आत नाही, निकाल तोच.

मग निवडायचं कशावरून? आता दर तालुक्यात 5,000 शेतकरी घ्या. ठिबकवाले 52 आणि 50 टक्के. काय-स्क्वेअर 4.00, पुन्हा ‘लक्षणीय’. पंधरा टक्क्यांचा फरक आणि दोन टक्क्यांचा, दोघांना जवळपास सारखेच गुण! प्रमाणं तीच ठेवून नमुना दहापट केला, तर हा आकडाही दहापट होतो. त्यामुळे फरक मोठा आहे की नमुना, हे त्यावरून कळत नाही. मला खटकतं ते हेच. इंटरव्हल मात्र सरळ सांगतो: 0.04 ते 3.96. ठिबकचा प्रचार कुठे वाढवायचा हे ठरवणाऱ्याला एवढं पुरतं.

इंटरव्हल वापरताना एक चूक हमखास होते. पलूसचा वेगळा (50.4 ते 69.6) आणि कडेगावचा वेगळा (35.2 ते 54.8) काढायचा आणि ते एकमेकांवर चढतात म्हणून ‘फरक नाही’ लिहायचं. इंटरव्हल फरकाचाच काढावा.

तरी काय-स्क्वेअर मोडीत काढता येणार नाही. द्राक्षाच्या तीन जाती आणि चार बाजारपेठा असा तक्ता असेल, तर एका इंटरव्हलने भागत नाही. तिथे डिग्री 6, टेबलातली किंमत 12.59. तक्त्यात टक्के नकोत, मोजणीचेच आकडे भरा. अपेक्षित संख्या (फरक नसता तर चौकटीत आली असती ती) बऱ्याच चौकटींत 5 च्या खाली गेली, तर जवळचे वर्ग एकत्र करा. निकाल लक्षणीय आला की प्रमाणित अवशेष बघा, म्हणजे प्रत्येक चौकटीतली मोजणी अपेक्षित संख्येपासून किती दूर आहे याचं एका मापात आणलेलं प्रमाण. 2 च्या पुढे किंवा उणे 2 च्या खाली गेलेली चौकट शोधा आणि तिथल्या फरकाचा आकार सांगायला, माझं ऐकाल तर, इंटरव्हलच काढा.