टेस्ट राइड एकट्याने, गाडी दोघांसाठी

मागे माणूस बसवून कच्च्या रस्त्यावर चालवायला जुनी बाईक घेणार असाल, आणि विकणारा तुम्हाला एकट्यालाच टेस्ट राइडला पाठवत असेल, तर तिथेच थांबा. मला ज्या गोष्टीत फसवलं गेलं ती सगळी मागच्या सीटखाली होती. त्या सीटवर त्या दिवशी कुणीही बसू नये, याची व्यवस्था डीलरने फार सफाईने केली होती.

आमची कलमांची बाग कोकणात, राजापूर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. डांबर वाडीपर्यंत येतं, पुढे जांभा, म्हणजे तांबडा दगड. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात चिऱ्याचे सुटे तुकडे पायाखाली सरकतात, आणि शेवटी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने उतरणारी घाटी. स्कूटरचं पोट तिथे घासतं. आबा, म्हणजे माझे वडील, 74 वर्षांचे. मोहोर आला की त्यांना बागेत जायचंच असतं, आणि नेलं नाही तर "मी चालत जाईन" अशी धमकी असते. म्हणजे सडा झेपेल आणि आबांना चढता येईल, अशी गाडी हवी होती. या दोन अटींचं आपसात जमत नाही.

हिरोची एक्सपल्स 200 बघा. पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर, पुढचं चाक 21 इंची, दगडधोंड्यांवर हलकी. पण चालवणाऱ्याची सीटच 823 मिलिमीटरवर, मागची त्याहून वर. तिथे पाय टाकताना आबांचा गुडघा बोलतो. रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 सीटला 800, मागे बसायला ऐसपैस, पण वजन दोनशे किलोच्या घरात. शेवाळावर ती एका बाजूला कलली आणि मागे माणूस असला, तर तुमच्या एका पायाने ती सावरायची असते. माझा कल हलक्या गाडीकडे होता. अखेरीस घेतली ती कोणती, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या मॉडेलचा नव्हता.

गाडी अणुस्कुरा घाटाच्या वर एका डीलरकडे मिळाली. वडिलांना बसवायचंय म्हटल्यावर त्याने दुसऱ्या गाड्यांवरचं कापड काढलंच नाही. "मग ही घ्या. डबल सीटला एक नंबर." रुंद केलेली सीट, पाठीला टेकू, त्यामागे भलंमोठं कोरं कॅरिअर. "कॅरिअरचे पैसे नकोत, काकांसाठी आपल्याकडून." आणि मग नेमका बाण: "एमएच-12 आहे बघा. पुण्यातल्या जोडप्याची, हायवेलाच चालली. तुमच्या खाऱ्या वाऱ्यात एक दिवस नाही." किनाऱ्यावरचा माणूस जुन्या गाडीत सगळ्यात जास्त कशाला भितो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आबांना लगेच खुर्ची आली, चहा आला. मी म्हटलं, दोघं बसून एक चक्कर मारतो. "नको साहेब, इन्शुरन्स संपलाय, डबल सीट दिसलं की पोलीस अडवतील." ऐकायला पटतं. पण विमा संपलेली गाडी रस्त्यावर आणणं एकट्यालाही बेकायदाच. मागे माणूस बसला म्हणून त्यात काही फरक पडत नाही. कोऱ्या डांबरावर गाडी घट्ट, कुठे खडखड नाही, मागचा शॉकअप नव्यासारखा कडक. व्यवहार 1,18,000 रुपयांना ठरला.

सड्यावर गाडीचा दोष आधी आबांना कळला. हँडलवर मला काही जाणवत नव्हतं. "अरे, मागचं वेगळं हलतंय. गाडी हाकतोस की होडी?" मी त्यांचं बोलणं वयावर ढकलणार, तेवढ्यात एका खड्ड्यात खालून धाडकन आवाज आला आणि मडगार्ड टायरला घासायला लागलं.

राजापुरात आमच्या मेकॅनिकने सीट, बाजूची पॅनेलं आणि ते फुकटचं कॅरिअर काढलं. मागची चेसीस, म्हणजे सीट आणि मागचा माणूस ज्या सांगाड्यावर टेकतो तो भाग, दोन्ही बाजूंना तडकलेला. वरून वेल्डिंग, त्यावर काळा रंग. कॅरिअरच्या पट्ट्या बरोबर त्या सांध्यांवर बसवल्या होत्या. शॉकअपमधून तेल गळून गेलेलं. ते लपवायला स्प्रिंगची रिंग, म्हणजे जी आवळली की स्प्रिंग कडक होते ती, शेवटपर्यंत आवळलेली. एकटा बसला की गाडी कडक वाटते, दोघं बसले की स्प्रिंग पुरती दबते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. आणि पॅनेलच्या आतल्या खाचेत वाळू होती, शिंपल्यांचे चुरे असलेली. चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट गंजून बसलेले. पुण्याच्या हायवेवर शिंपले नसतात. गाडी पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूत, बहुतेक लाटांतसुद्धा, बरीच पळवलेली होती. नंबर एमएच-12 असणं म्हणजे ती तिथे नोंदली गेली, एवढंच. राहिली कुठे हे त्यावरून कळत नाही.

मागची चेसीसच का तुटते, हे मेकॅनिकने समजावलं. खडबडीत रस्त्यावर चालवणारा फुटरेस्टवर उभा राहून धक्का पायांवर घेतो. मागच्याला ते जमत नाही. त्याचं सगळं वजन दर खड्ड्याला सीटवर आदळतं, तेही सांगाड्याच्या लांब टोकावर. त्याच्याही मागे भरलेली पेटी असली तर विचारूच नका. अशी जोडकाम केलेली चेसीस घाटीच्या उतारावर सुटली असती तर आबा कुठे पडले असते, हे मी घरी अजून बोललेलो नाही.

डीलरला फोन केला. "पार्टीकडून अशीच आली होती. पावतीवर वाचा, जशी आहे तशी." पार्टी कोण, तर आरसीवर मी चौथा मालक. आधी व्हॉट्सअॅपवर आलेल्या आरसीच्या फोटोत मालकाचा अनुक्रम लिहिलेल्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा होता. तो फोटो आता पाहिला की त्या अंगठ्याचं कौतुक वाटतं.

आता जे मला कुणी सांगितलं नाही ते. जुन्या गाड्यांच्या डीलरला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी नोंद करावी लागते. ते अधिकारपत्र मागा. माझ्या डीलरकडे ते नव्हतं, त्यामुळे मालकी बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर गाडी आधीच्या मालकाकडून थेट माझ्याकडे आली आणि हा गृहस्थ कागदावर कुठेच नाही. पैसे मात्र यूपीआयने त्याच्या खात्यात गेले होते, आणि "डबल सीटला एक नंबर" हा त्याच्या आवाजातला मेसेज फोनमध्ये होता. रोख दिले असते तर हातात काहीच नसतं. आरसी हातात घेऊन, उजेडात, स्वतः वाचा.

गाडी बघताना सीट काढायला सांगा. बहुतेक गाड्यांना किल्ली किंवा एक-दोन बोल्ट पुरतात. सीटखाली बाकीच्या चेसीसपेक्षा जास्त काळा, जास्त ताजा रंग दिसला की नखाने खरवडा. कॅरिअर धरून आडवं हलवा. गाडीच्या मागे थोडं लांब उकिडवे बसून चाक आणि मडगार्ड एका रेषेत आहेत का ते पाहा. स्प्रिंगची रिंग कुठे आहे ते पाहा, पूर्ण आवळलेली असेल तर सैल करायला लावा आणि मग दोघं बसा. जो मागे बसणार आहे त्यालाच बसवा. त्याच्या वजनाचा दुसरा कुणी चालणार नाही. डांबर सोडून कुठल्याही मातीच्या तुकड्यावर न्या आणि उतरल्यावर आधी मागच्याला विचारा. मागच्याला धरायला पकड आणि पाय ठेवायला फुटरेस्ट असणं मोटार वाहन नियमांतच आहे. "ऑफ-रोड लूक"साठी ते काढलेलं असेल तर बसवून द्यायला सांगा.

मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डीलरने चेसीस "बदलून देतो" म्हणत वेळ काढला. मग रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 2019 च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणून प्रत्येक तारखेला घाट चढावा लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मेकॅनिकचं लेखी म्हणणं आणि पॅनेल काढतानाचा व्हिडिओ जोडला आहे. तुटकी चेसीस तशीच ठेवली आहे, वाळूसुद्धा एका पिशवीत. आयोगाची नोटीस गेल्यावर डीलरचा फोन आला, या वेळी स्वतःहून, आणि तीस हजारांत मिटवा म्हणाला. मी नाही म्हटलं. पुढची तारीख लागली आहे.