स्लीव्ह करून वर्ष होत आलं: जेवणाचं जमलं, पाण्याचं नाही

वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करत असाल, तर स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) की बायपास (जठराची छोटी पिशवी करून अन्न थेट पुढे आतड्यात वळवणं), बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किती हवा, हे सगळं तुम्ही आधीच पालथं घातलं असणार. म्हणून थेट मुद्द्यावर येते: पाणी. परवा भर दुपारी ठाणे स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन खाली बसले. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सलाईन चढवली. निदान काय, तर डीहायड्रेशन. भरलेली बाटली पर्समध्ये तशीच होती.

‘आता खाता किती?’ हे सगळे विचारतात. पाण्याचं कोणी विचारत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची अरुंद पिशवी. मोठा घोट घेतला की छातीच्या मधोमध कळ येते आणि तो घोट खाली जायचं नाव घेत नाही. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, पण दिवसाचं दीड-दोन लिटर मात्र झालंच पाहिजे. शिवाय थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं. मांडा हिशोब. सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात हात वर करायला जागा नसते, तिथे बाटलीचं झाकण कुठून उघडणार? ऑफिसात जरा चार घोट घ्यावेत, तर उकडलेल्या अंड्याची वेळ झालेली असते. उन्हातून येऊन माठातलं पाणी तांब्याने घटाघटा पिणं गेलं ते गेलंच. पुरणपोळीची मला आठवण येत नाही. याची येते.

पुरणपोळीची का येत नाही, तेही सांगते. भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या त्या काढून टाकलेल्या भागातच तयार होतं, असं सर्जन म्हणाले होते. मला तेव्हा ती विक्रीची भाषा वाटली. पण पहिले काही महिने मी खरोखर घड्याळ बघून जेवले. सासूबाई वाटीकडे बघून म्हणायच्या, ‘अगं, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते.’ आता भूक थोडी परतली आहे, पण अर्ध्या पोळीत मिटते.

विम्याचा वैताग थोडक्यात. कंपनीने आधी ‘कॉस्मेटिक’ म्हणून कॅशलेस नाकारलं. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) प्रमाणित अटींत स्पष्ट लिहिलंय: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत औषधांनीही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह किंवा तसाच गंभीर आजार. माझ्याकडे दोन्ही कागद होते. सर्जनच्या पत्रात ‘वजन कमी करण्यासाठी’ऐवजी मधुमेहाचा सगळा इतिहास तारखांसह लिहून घेतला, तेव्हा पैसे सुटले, तेही हातमोज्या-बितमोज्यांचे पैसे कापून. पत्र पहिल्यापासून तसंच घ्या.

प्रोटीन पावडरबद्दल माझं मत मध्येच बदललं. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन हवं म्हणतात आणि डब्याची किंमत बघून मी ठरवलं की ही शुद्ध लूट आहे, आपण वरणावर भागवू. वरणाच्या पाण्यात प्रोटीन असतं ही आपल्या घरांतली श्रद्धा आहे, त्याने काही होत नाही. चौथ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके यायला लागले. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान अशी गळती होतेच आणि थांबतेही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी त्याच संध्याकाळी गोखले रोडवरून डबा घेऊन आले. सुरुवातीला जेवण पातळ असतं तोवर त्याला पर्याय नाही. नंतर अंडी, पनीर, सोयाबीन, सुरमईचा तुकडा यांवर नीट भागतं आणि स्वस्तात भागतं. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व मात्र चालूच ठेवायचं, आणि रक्ततपासणीचा खर्च बजेटमध्ये धरायचा.

एवढी कुरकुर करून परत करेन का? करेन. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी सुटली, घोरणं थांबलं, तो पूल न थांबता चढते (परवाची गोष्ट सोडा). पण आधीपासून ॲसिडिटी वर येत असेल तर स्लीव्हआधी एंडोस्कोपी करून बायपासबद्दल विचारून घ्या. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो.

पाण्याचे माझे उपाय: मोठी बाटली बंद, दोनशे मिलिलिटरची स्टीलची गळ्यात. फ्रीजचं नाही, कोमट किंवा साधं. तेच सरळ खाली जातं. कोकम सरबत बिनसाखरेचं, मीठ घालून. सोडा नाही. मामलेदारची मिसळ एकदा चार चमचे खाऊन पाहिली. ती तर्री आणि वर अर्धा तास पाणी नाही! नवरा समोर बसून मजेत ताक पीत होता.

आणि ऑपरेशनची तारीख एप्रिल-मेमधली मिळत असेल, घाई नसेल, तर सर्जनना विचारून पावसाळ्यातली मागा. पहिल्या महिन्यातले ते चमचा-चमचा घोट ठाण्याच्या उन्हात कोणाच्या वाट्याला येऊ नयेत.