जांभळी किनार आणि यूव्ही फिल्टर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लग्नसमारंभांच्या चित्रीकरणासाठी मी एक जुनी 85 मिमी, एफ/1.8 लेन्स वापरतो. चेहरे ती सुरेख टिपते; मात्र ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून भर उन्हात चित्रण केले, की मुंडावळ्यांच्या मोत्यांना आणि उजळ आकाशापुढच्या फांद्यांना जांभळी किनार येते. ती कमी व्हावी म्हणून दोन प्रकारचे यूव्ही, म्हणजे अतिनील किरण अडवणारे, फिल्टर वापरून पाहिले.

पहिला सर्रास मिळणारा पारदर्शक फिल्टर. त्याने लेन्सचे धुळीपासून रक्षण झाले, किनार मात्र तसूभरही हटली नाही. अतिनील किरण लेन्सच्या काचा आणि सेन्सरपुढची काच बऱ्याच अंशी आधीच अडवतात. खरा उपद्रव असतो तो साधारण 400 ते 430 नॅनोमीटरच्या दृश्य जांभळ्या प्रकाशाचा, जो इतर रंगांबरोबर एकाच प्रतलावर न जुळता तेजस्वी कडेबाहेर पसरतो.

दुसरा टिफेन कंपनीचा हेझ 2ए. पांढऱ्या कागदावर ठेवला की तो फिकट पिवळसर दिसतो, आणि गुण आहे तो त्या पिवळेपणातच, कारण अतिनीलाबरोबर जांभळ्याचा अगदी टोकाचा भागही तो शोषतो. फांद्यांची किनार याने नाहीशी होत नाही, पण एवढी बारीक होते की हलत्या चित्रात सहसा नजरेत भरत नाही. व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यातली रंगजुळणी) मात्र फिल्टर लावूनच, पांढऱ्या कागदावर हाताने ठरवावा लागतो. नाहीतर चेहरे हळद लागल्यासारखे दिसतात, आणि हळदीच्या दिवशी तर ते कळतही नाही!

किनार संपादनातही काढता येते. पण सॉफ्टवेअर जांभळा रंग फिका करू लागले, की वधूच्या जांभळ्या शालूचे काठही उतरतात. शालूचा रंग मुख्यतः लाल-निळ्याच्या मिश्रणाचा असल्याने फिल्टरने तो जवळजवळ अबाधित राहतो. माझ्या दृष्टीने पैसे वसूल झाले ते इथेच.

ज्यांना ॲपर्चर एफ/2.8 वर नेणे, म्हणजे थोडे लहान करणे, चालते, त्यांनी आधी तेच करावे. त्याला खर्च नाही. चौकटीच्या कोपऱ्यांतील लाल-हिरव्या कडांवर मात्र ना ॲपर्चरचा उपाय चालतो, ना या फिल्टरचा. तिथे सॉफ्टवेअरच हवे. रात्री समया आणि दिव्यांच्या माळांची भुतासारखी प्रतिबिंबे फिल्टरमुळे चौकटीत उमटतात, म्हणून अंधार पडला की मी तो काढून ठेवतो.