युअर्ल्स: दीड वर्षाच्या वापरानंतर

आमची निफाडजवळची ठिबक संचांची कंपनी. पत्रकांवर छापलेल्या लिंक एका फुकट सेवेने बंद केल्या, तेव्हा ठरवलं की छोट्या लिंक आता आपल्याच डोमेनवर. युअर्ल्स हे लांब लिंकची छोटी लिंक बनवणारं, २००९ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, पीएचपी (प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर चालतं. वेबसाइटच्या सर्व्हरवरच बसलं.

मला सगळ्यात जास्त भावली ती हवा तो शब्द लिंकला देण्याची सोय. क्लिकच्या अहवालात क्लिक करणाऱ्याचा देश कळतो, तालुका नाही. म्हणून दिंडोरी, सिन्नर, येवला अशा वेगळ्या लिंक केल्या. त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'युनिक यूआरएल्स' फॉल्स, म्हणजे बंद, करावं लागतं, नाहीतर एकाच पानाची दुसरी लिंक बनत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली!

आकडे मात्र जपून वाचा. व्हॉट्सअ‍ॅपने प्रीव्ह्यूसाठी पान उघडलं तरी क्लिक मोजला जातो. उलट ३०१ रीडायरेक्ट (छोट्या लिंकवरून मूळ पानावर कायमचं वळवणं) ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे त्याच माणसाचा दुसरा क्लिक सुटू शकतो. साहेबांना मी आकडा सांगते तो 'अंदाजे' म्हणूनच.

दिसायला जुनाट आहे, पण आमच्या विक्रीवाल्या दादांना पाच मिनिटांत जमलं. बॅकअप रोज घ्या. डेटाबेस गेला तर छापलेली सगळी पत्रकं मुकी होतील.